झाकलेली रास

१

टेकपाड्याच्या मुलांचं वाचन नाहीसं झालं, हे मला धीरजने फोनवर सांगितलं. मी तेव्हा म्हसावदला घरी, उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत होतो.

"नाना, दिवाईले सगळा वाची ऱ्हायंतात. आते एक बी वाचत नही."

"एकही नाही?"

"एकबी नही. परिच्छेद दिधा की तोंड बंद. मी सोता बठीसन परीक्षा लिधी."

धीरज आमच्याच गावचा, संस्थेचा पर्यवेक्षक. ही संस्था सातपुड्यातल्या पाड्यांवर वाचन केंद्रं चालवते. शाळा सुटली की मुलं केंद्रात येतात. त्यांचे गट इयत्तेप्रमाणे नसतात, वाचता किती येतं त्याप्रमाणे असतात: कोणी अक्षर गटात, कोणी शब्द, कोणी परिच्छेद, आणि शेवटी गोष्ट. प्रत्येक केंद्राला त्याच पाड्यावरची एक शिकलेली मुलगी नेमलेली असते. टेकपाड्याची होती रविना. दिवाळीतली परीक्षा तिनेच घेतली होती, आणि बहुतेक सगळी मुलं गोष्ट गटात पोचल्याचं कळवलं होतं.

"म्हणजे तिनं खोटं कळवलं, असं तुला म्हणायचंय."

"मी नही म्हणत, वरला म्हणतस." धीरजने आवाज खाली आणला. "सोमवारले मन्हा अहवाल जाई. मंग तिले काढतीन. आनी एकदाव खोटारडी म्हणीसन नाव गये, का तिले कोणीच काम देवाव नही. तुम्ही एकदाव दखी ल्या ना. तुम्ही जनमभर वाचणारा लोकेस्ले दखेल शेतस."

मी वाचनालयात आयुष्य घालवलं हे खरं, पण ते पुस्तकं देण्याघेण्यात. रहस्यकथा मी पुष्कळ वाचल्या आणि एकीतही गुन्हेगार आधी ओळखला नाही. चार अनोळखी माणसांसमोर बोलायचं म्हटलं तरी मी कारण काढून घरी राहतो. नाही म्हणावं असंच मनात होतं. पण तेवढं म्हणायलाही धीर लागतो. मी हो म्हणालो.

२

मोलगीपासून वर जीपचा रस्ता आहे, त्याला रस्ता म्हणायचं असेल तर. टेकपाड्याच्या अलीकडे कोयलीपाडा लागतो. तिथे जीप थांबवून धीरजने इंजिनात पाणी ओतलं. मी खाली उतरलो.

पाड्यावर कोणी नव्हतं. घरांच्या दारांना काटेरी फांद्या आडव्या लावून ठेवल्या होत्या, जनावर शिरू नये म्हणून. एका चुलीजवळ कोंबडीचं पीस अडकलं होतं. एका घराच्या कुडाला संस्थेचा पत्र्याचा फलक अजून होता आणि त्यावरचं हसणारं मूल उन्हाने पांढरं पडलं होतं.

"सगळे कुठे गेले?"

"गुजरातमा, ऊस तोडाले. घरदार, पोरंसोरं सगळं लीसन." धीरजने फलकाकडे बोट केलं. "आठे आपलं केंद्र व्हतं, नाना. एक नंबर. सगळा वाचाले लागनात म्हणीसन बंद करं मागला वरीस. पुढला पाड्यास्लेबी भेटाले पाहिजे ना?"

त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

टेकपाड्यावर मात्र धूर दिसला, मुलांचा आवाज आला. कमरेत वाकलेली एक म्हातारी खळ्यावर ज्वारीच्या राशीजवळ बसली होती. जीप पाहताच ती उठली आणि अंगावरची गोधडी काढून तिने राशीवर टाकली. वारं थंड होतं. म्हातारी नुसत्या लुगड्यात उभी राहिली.

"कमलीबाई," धीरज म्हणाला. "आम्हले दखं का गोधडी टाकसच. जशी आम्ही ज्वारी चोराले येतस."

केंद्र म्हणजे रविनाच्या घराची पडवी. रविना वीस-बावीस वर्षांची असेल. तिने मला खाट दिली आणि पाणी दिलं. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही. दोन दिवस शाळेला सुटी होती, म्हणून मुलं सकाळपासूनच भिंतीला टेकून रांगेत बसली होती.

मी एकेकाला जवळ बोलावलं. हातात कार्ड दिलं. शब्द सगळ्यांनी वाचले: घर, पाणी, बकरी. परिच्छेदाचं कार्ड दिलं की सगळे थांबत. कमलीबाईची नात रिना दहा वर्षांची, डोळे तिखट. तिनेही कार्ड हातात घेतलं, पाहिलं, आणि परत दिलं.

"नाही येत?"

तिने मान हलवली.

"पहिला शब्द तरी?"

पुन्हा मान.

धीरज माझ्या कानाशी आला. "दखं ना? आते सांगा, दिवाईले कसा वाचनात?"

पण काहीतरी खटकलं होतं. ज्याला वाचता येत नाही तो मूल असो की म्हातारा, अंदाज करतो. पहिलं अक्षर ओळखून काहीतरी ठोकून देतो, चित्र पाहतो, समोरच्याच्या ओठांकडे बघतो. वाचनालयात असे लोक मी रोज पाहिले. ही मुलं अंदाजच करत नव्हती. मला उगाचच पाटावरून उठून गेलेली माणसं आठवली, ज्यांना भूक असते पण जेवायचं नसतं.

३

धीरज खाली मोलगीला गेला. उद्या दुपारी तो परत येणार होता. मी रविनाशी बोलायला बसलो आणि बराच वेळ पुस्तकाच्या पेटीकडेच पाहत राहिलो.

"दिवाळीत परीक्षा तूच घेतलीस?" अखेर मी विचारलं.

"हो."

"मुलं खरंच वाचत होती?"

"तुम्हाला काय वाटतं, नाना?"

"मला काही वाटण्याला अर्थ नाही, बेटा. सोमवारी अहवाल जाईल."

"माहीत आहे."

"मग सांग ना काहीतरी. कोणी मुलांना शिकवून ठेवलंय का? शाळेच्या गुरुजींचा राग आहे का तुझ्यावर?"

ती तांदूळ निवडत होती. केंद्रात संध्याकाळी मुलांना जेवण असतं. आईबाप ऊसतोडीला गेलेली मुलं तिथेच जेवत आणि तिथेच निजत.

"गुरुजी बोलतात खूप," ती म्हणाली. "पण मनातलं बोलून टाकतात. तसा माणूस काही लपवत नाही."

"मग कोण लपवतंय?"

तिचा हात सुपात थांबला. मग ती उठली आणि आधण ठेवायला आत गेली. निर्दोष माणूस स्वतःची बाजू मांडतो, असं मी वाचलं होतं. ही मुलगी मांडत नव्हती. त्या क्षणी, खरं सांगायचं तर, मी तिला दोषी धरलं.

४

शिवाजी गुरुजी शाळेच्या ओट्यावर दाढी करत होते. एक शिक्षक, चार इयत्ता, आणि खिडकीला अडकवलेला आरसा.

"या, या. तुम्ही चौकशी समिती का?"

"नाही हो. मी फक्त..."

"बसा. चौकशी समितीला चहा देत नाही मी, तुम्हाला देतो." त्यांनी गालावरून पातं फिरवलं. "विचारा. रविनाची मुलं नापास झाली म्हणून मला आनंद झाला का? झाला. थोडा. दिवाळीत तो धीरज सभेत म्हणाला की शाळेला चार वर्षांत जमलं नाही ते रविनाने दीड वर्षात केलं. मी समोरच बसलो होतो. म्हटलं, बाबा, तुझ्या केंद्रात जनगणना नाही, मतदारयादी नाही, ऑनलाइन माहिती भरायला डोंगरावर चढून रेंज शोधायची नाही."

"सभेत आणखी काय म्हणाला तो?"

"आणखी काय! अभिनंदन. टाळ्या. तुमची मुलं वाचायला लागली, आता केंद्र पुढच्या पाड्याला नेऊ, पुढच्या दिवाळीच्या आत. रविनाने सगळं त्यांच्या बोलीत सांगितलं. टाळ्या मात्र माझ्या आणि धीरजच्याच. बाकी कोणी वाजवल्या नाहीत. यांना टाळ्यांची सवय नाही."

"गुरुजी, मुलांना तुम्ही काही सांगितलं होतं का? वाचू नका असं?"

गुरुजी मोठ्याने हसले. गालाला थोडं कापलं.

"अहो, वाचा म्हणून सांगतो ते ऐकत नाहीत. वाचू नका म्हटलं असतं तर वाचली असती." त्यांनी रक्तावर तुरटी लावली. "आळशी झालीत, बस. परवाचंच पाहा. मला बैठकीला जायचं होतं. फळ्यावर लिहिलं, उद्या शाळा बंद. आणि तोंडाने सांगायचं राहिलं, जीप सुटत होती. वाटेत आठवलं. म्हटलं, पोरं उगाच येऊन बसतील. पण एक आलं नाही. कौसाबाई बिचारी निरक्षर, खालच्या वाडीतून येते खिचडी शिजवायला. तिने चूल पेटवली, तांदूळ धुतले, वाट बघितली. दुसऱ्या दिवशी मला शिव्या. सांगा, शाळा आहे असं समजूनही सगळ्यांनी दांडी मारली. आता याला काय म्हणणार?"

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

"काय झालं, नाना? साखर कमी आहे?"

५

पण मी घाईने काही ठरवत नाही. घाईने ठरवलेलं माझं नेहमी चुकतं. कोणीतरी मुलांना सांगितलंही असेल. एखाद्या मुलाने गुरुजींना जीपकडे धावताना पाहून ओळखलंही असेल. एका फळ्यावर एका मुलीची अब्रू कशी तोलायची?

दुपारी मुलं पडवीत पांगली होती. संस्थेच्या पेटीतली पुस्तकं कोणीही घ्यावीत अशी रीत होती. रिना कोपऱ्यात एक पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मी पाणी प्यायला म्हणून तिच्यामागच्या माठाजवळ गेलो आणि तिथेच उभा राहिलो.

त्या पानावर चित्र नव्हतं, नुसता मजकूर होता. मीही तिच्या खांद्यावरून वाचू लागलो. तीन ओळी उरल्या तेव्हा तिचं बोट पानाच्या खालच्या कोपऱ्यावर गेलं. मी शेवटच्या शब्दाशी आलो, आणि पान उलटलं.

पुढचं पान. पुन्हा तसंच. शेवटच्या ओळी यायच्या आधी बोट कोपऱ्याखाली सरकलं, कागद थोडा उचलला, थांबला, आणि मजकूर संपताच फिरला.

वाचनालयाच्या टेबलामागे बसून मी वर्षानुवर्षं हेच पाहिलं होतं. चित्र बघणाऱ्याचा हात कधीही पान उलटतो. पेपर उघडून झोपणाऱ्याचा उलटतच नाही. वाचणाऱ्याचा हात मात्र डोळ्यांच्या थोडा पुढे निघतो आणि कोपऱ्यावर वाट बघतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही, आणि ठरवून लपवताही येत नाही, कारण आपण असं करतो हे वाचणाऱ्याला ठाऊकच नसतं.

रिनाने मागे वळून पाहिलं. पुस्तक मिटलं. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची भीती होती, आणि मला तिच्याहून जास्त भीती वाटली. कारण मुलं वाचतात हे आता मला कळलं होतं. ती का वाचत नाहीत, हेही त्याच क्षणी कळू लागलं होतं.

६

संध्याकाळी मी रविनाला म्हणालो, मला कमलीबाईंकडे घेऊन चल. म्हातारी चुलीपाशी बसली होती. तिला मराठी समजे, पण ती बोले आपल्या बोलीत, आणि रविना मला मराठीत सांगे.

मी जमिनीकडे बघून बोललो.

"मुलं वाचतात. फळ्यावरचं वाचून ती घरी राहिली. कौसाबाई आली, कारण तिला वाचता येत नाही आणि तिला कोणी सांगितलंही नाही. म्हणजे बातमी तोंडातोंडी गेली नव्हती, फळ्यावरूनच गेली. रिना तर माझ्यासमोर माझ्याच वेगाने वाचत होती. तेव्हा रविनाने खोटं कळवलेलं नाही."

रविनाने कमलीबाईकडे पाहिलं.

"मग मुलं का लपवतात? रविनाने सांगितलं असेल का? नाही. त्यात तिचंच नाव जातंय. गुरुजींनी? त्यांना मुलं अजून वाचतात हेच माहीत नाही. माहीत असतं तर फळ्याची गोष्ट त्यांनी मला हसत सांगितली नसती. धीरजने? मुलं वाचली तर त्याचीच पाठ थोपटली जाते. राहिले ते, ज्यांचं मुलं वाचली तर नुकसान आहे."

चुलीतलं लाकूड कमलीबाईने आत सारलं.

"सभेत धीरज म्हणाला, मुलं वाचायला लागली, आता केंद्र जाईल. त्याला ती आनंदाची बातमी वाटली. तुम्ही मात्र शेजारचा कोयलीपाडा पाहिला होता. तिथे केंद्र होतं तोवर आईबाप तोडीला जात आणि मुलं तिथेच राहत, कारण कोणीतरी त्यांना रांधून घालत होतं. केंद्र गेलं आणि यंदा मुलंही उसात गेली. आज मी येताना तिथे काटे लावलेली दारं पाहिली." मी खळ्याकडे बोट केलं. "रास झाकलेली असली की पाहुण्याला मोजता येत नाही. हो ना, बाई?"

म्हातारीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे बोलत राहिली. रविना थोडं थांबून सांगू लागली.

"ती म्हणते, रास झाली की परक्याच्या नजरेला पडू देऊ नये. मोजली की लोक म्हणतात, तुमच्याकडे पुष्कळ आहे, आणि नेतात. मी पोरांना एवढंच सांगितलं. वाचा. पण मोजणारा आला की झाका."

"आणि तुला हे ठाऊक होतं?" मी रविनाला विचारलं.

"कोणी सांगितलं नाही मला. पण माझीच पोरं आहेत, नाना. ज्यांना मी शिकवलं ती अडखळतात कुठे हे मला कळत नाही?" ती कुडाला टेकली. "सभेत धीरजदादाचं बोलणं आमच्या बोलीत मीच सांगितलं होतं. सांगताना सगळ्यांचे चेहरे दिसत होते."

"मी संस्थेला लिहितो. नियम बदला म्हणतो."

"मी विचारलं होतं. ते म्हणाले, पुढच्या पाड्यावरच्या मुलांनी काय केलंय? त्यांना एक अक्षर येत नाही. त्यांचंही खरं आहे. शिकवायला शिकलेल्या मुली कमी, आणि पाडे किती." ती माझ्याकडे वळली. "नाना, तुम्ही असं लिहा, की रविनाने खोटं कळवलं. मुलं वाचत नाहीत."

"काय बोलतेस?"

"मुलं वाचत नसली तर केंद्र राहील. मला काढतील आणि दुसरी कोणी नेमतील. ती येईल, पुन्हा अक्षरांपासून सुरू करेल. पोरं झाकत राहतील. एक हंगाम जाईल, दोन जातील. तोवर ही थोडी मोठी होतील."

"आणि तुझं नाव?"

"माझ्या नावाने कोणाचं पोट भरतं?"

खरं लिहिलं तर ती सुटत होती आणि मुलं उसात जात होती. खोटं लिहिलं तर मुलं राहत होती आणि ती कायमची खोटारडी ठरत होती. मी रहस्य सोडवलं होतं. पुस्तकात त्यानंतर सगळ्यांना हायसं वाटतं.

"उद्या दुपारपर्यंत वेळ आहे," मी म्हणालो. त्याहून शहाणं काही मला म्हणता आलं नाही.

घराच्या भिंती कारवीच्या, मातीने सारवलेल्या. पलीकडे कोणी खोकलं तरी अलीकडे ऐकू येतं. बाहेर पडलो तेव्हा रिना भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला मराठी येत होती. आणि माझं नि रविनाचं सगळं बोलणं मराठीत झालं होतं.

७

धीरज दुपारी आला. पडवीत खाटेवर बसून त्याने मोबाइल काढला.

"मंग नाना? काय लिखू?"

मी रविनाकडे पाहिलं. तिने मान हलवली, लिहा म्हणून. सकाळपासून मी एक वाक्य मनात तयार केलं होतं, आणि ते कोणतं होतं हे आज मी शपथेवर सांगू शकत नाही. दोन्ही वाक्यं इतक्या वेळा फिरवली होती की तोंड उघडल्यावर कोणतं बाहेर पडलं असतं, मला माहीत नाही.

"हिनं..." मी म्हणालो.

रिना रांगेतून उठली. कोणी तिला बोलावलं नव्हतं. ती धीरजसमोर आली आणि खाटेवरच्या कार्डांतून तिने स्वतःच एक उचललं. परिच्छेदाचं नव्हे, गोष्टीचं.

खळ्यावरून कमलीबाई काहीतरी बोलली. मोठ्याने नाही, पण एकदा, आणि मग पुन्हा. रिनाने तिकडे पाहिलं नाही.

"ताई खोटं बोलली नाही," ती धीरजला म्हणाली. मग कार्ड डोळ्यांसमोर धरून वाचू लागली.

"सुकऱ्याकडे एक बकरी होती. ती रोज शेजाऱ्याच्या वाडीत जायची. शेजारी म्हणाला, तुझ्या बकरीला बांधून ठेव..."

धीरजचा चेहरा फुलला. तो माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला, ते मी ऐकलं नाही. रविना उठून पडवीच्या टोकाला गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. भिंतीला टेकलेली बाकीची मुलं एकेक करून उठत होती, आपली पाळी आल्यासारखी रिनाच्या मागे उभी राहत होती.

रिना वाचत होती. आवाज सपाट, स्वच्छ. जोडाक्षरं येत होती, लांब वाक्यं येत होती. कुठेतरी ती अडखळावी असं मला वाटत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत वाटत होतं. ती कुठेच अडखळली नाही.